गारठोबाचा बडग्या

गारठोबा इतका हास्यास्पद होता की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला त्याच्या चित्रकाराची कीव आली. पाठीवर अख्खा कूलर बांधलेला, डोक्यावर बर्फाची उलटी बादली, अंगात वाळ्याच्या ताट्यांचा झगा आणि गोठून ताठ झालेल्या मिशा. एक हात कमरेवर, दुसऱ्या हाताचं बोट आभाळात. तोंडी कायम एकच वाक्य: "थरथर कापा, नागपूरकरांनो! ह्यू ह्यू ह्यू!"

'टणाटण' नावाचं मुलांचं मासिक पूर्वी नागपुरातून निघायचं, त्यात हा इसम दर महिन्याला शहर गोठवायला निघायचा. कधी अंबाझरी तलावाचा बर्फ कर, कधी सीताबर्डीवरच्या सगळ्या दुलया पळव. पहाटे लोकांच्या अंगावरचं पांघरूण ओढणं हा तर त्याचा आवडता गुन्हा. शेवटच्या पानावर लोक त्याला धरून जाळायचे आणि पुढच्या अंकात साहेब कसलाही खुलासा न करता पुन्हा हजर.

हे जुने अंक प्रशिकच्या आईने कामठीच्या घरी जपून ठेवले होते. प्रशिक आणि मी मिळून 'झळ' हे कॉमिक काढतो. मी, म्हणजे दामिनी, लिहिते. तो चित्रं काढतो. झळ ही आमची नायिका मे महिन्याचं ऊन अंगात साठवते आणि वर्षभर दुष्टांवर सोडते. नायिका वाचकांना आवडते. खलनायकांची मात्र बोंब होती. सगळे काळी हुडी घालून कमी बोलणारे आणि मोबाइलवरून जग ताब्यात घेणारे. एका वाचकाने लिहिलं, "ताई, तुमचा व्हिलन आमच्या कोचिंगच्या सरांसारखा दिसते." मला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं.

"उन्हासमोर कूलर," प्रशिक ते अंक माझ्यापुढे टाकत म्हणाला. "याच्याहून मोठा दुश्मन कुठं भेटन तुले?"

मी हो म्हटलं, पण हा बावळटपणा जसाच्या तसा चालणार नाही असं बजावलं. मी नुकताच एक ऑनलाइन कोर्स केला होता. आजच्या वाचकाला खलनायकाची जखम दिसली पाहिजे, असं त्यात सांगितलं होतं. चहा निवायच्या आत मला जखम सापडली. लहानपणी गारठोबाला त्याच्या काकाने कळमेश्वरच्या एका शीतगृहात कोंडलं होतं. तेव्हापासून त्याच्या हाडांत थंडी भरली. तो लोकांची पांघरुणं ओढतो, कारण त्याच्या अंगावर कुणी कधी पांघरूण घातलंच नाही. लिहिता लिहिता मला हुंदका आला. प्रशिकने वाचलं, समोसा संपवला आणि म्हणाला, "बादली ठेवू ना डोक्यावर?"

"बादली नको. जखमेचा व्रण ठेव."

गालावर एक थेंब गोठलेला गारठोबा त्याने काढला. मुखपृष्ठ आम्ही लगोलग इन्स्टावर टाकलं आणि मग आठवलं की गारठोबाच्या निर्मात्याची परवानगी घ्यायची राहिली आहे. आमची कामं ही अशी.

हे निर्माते, वामनराव उमरेडकर, महाल भागात राहतात असं कळलं. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. आम्ही गेलो तेव्हा ते दिवाणावर चादर घेऊन पडले होते. दार त्यांच्या बायकोने, प्रेमिलाकाकूंनी उघडलं. आम्ही कोण हे ऐकलं आणि त्यांनी आत वळून एका झटक्यात ती चादर ओढली.

"उठा जी! पाहुणे आले. पाय खाली घ्या. चष्मा घाला. तो नाही, दुसरा."

वामनराव उठले, पाय खाली घेतले, दुसरा चष्मा घातला आणि आमच्याकडे पाहून गोड हसले. मी त्यांना नवी कथा वाचून दाखवली. शीतगृहाच्या जागी आवाज थोडा कापरा केला. तसं करायची गरज नव्हती, पण मला आवडतं.

"छान आहे," वामनराव म्हणाले.

मुखपृष्ठ दाखवलं. "छान आहे." थोडा वेळ ते त्या गोठलेल्या थेंबाकडे पाहत राहिले. मग हळूच विचारलं, "लोकं ओरडतीन ना याच्यावर?"

"काका, आजचे वाचक ओरडत नाहीत. समजून घेतात."

"छान आहे," ते म्हणाले आणि त्यांनी स्वतःचे तळहात पाहायला सुरुवात केली.

"बिचारा केला तुम्ही त्याले!" काकू कडाडल्या. 'बिचारा' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आपल्याला कुणी शिवी दिली असं मला वाटलं. "गारठोबा आहे तो. रडका पोट्टा नाही. चाल वं पोरी, आतमध्ये चाल जरा."

स्वयंपाकघरात नेऊन त्यांनी मला डब्यातली शंकरपाळी दिली आणि आवाज एकदम खाली आणला.

"हे बोलत नाहीत आता. पाह्यलं ना तू? भाजीत मीठ नसलं तरी छान आहे. पंखा बंद पडला तरी छान आहे. अगोदर असे नव्हते. मारबतीच्या दिवशी आमच्या मोहल्ल्यातून गारठोबाचा बडग्या निघे. हे स्वतः बनवत. लोकं असे ओरडत त्याच्यावर, असे ओरडत! आणि सगळ्यायच्या वरतून ह्यायचा आवाज. मग मासिक बंद झालं. मंडळाच्या पोट्ट्यायनं म्हटलं, आता महागाईचा बडग्या काढू, भ्रष्टाचाराचा काढू. गारठोबा राहून गेला. तेव्हापासून ह्यायचं बोलणं कमी कमी होत गेलं. डॉक्टरले दाखवलं. डॉक्टर म्हणते, तब्येत मस्त आहे. मी काय करू त्या मस्त तब्येतीचं?"

बडग्या म्हणजे आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीत निघतो तो बांबू-कागदाचा पुतळा. वर्षभर ज्याने छळलं त्याचा पुतळा करायचा, रस्त्याने मिरवायचा, इडापिडा नेणाऱ्या मारबतीला 'घेऊन जा गे मारबत' म्हणून घसा फोडायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. सगळं शहर त्या दिवशी मनसोक्त ओरडून घेतं.

"परवानगी पाह्यजे ना तुले?" काकूंनी बोट वर केलं. "या वर्षी गारठोबाचा बडग्या काढ. तुह्या नव्या गारठोबाचाच काढ. लोकं ओरडले, तर हे सही करतीन. नाही ओरडले, तर तुह्यं ते मुखपृष्ठ काढून टाक मोबाइलवरून. मले ह्यायचा आवाज ऐकायचा आहे वं एकदा."

शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी डब्याचं झाकण उगाच दोनदा लावलं. मला गलबलून आलं. पण त्याहून जास्त मला चेव चढला. ज्या लेखणीने माणसं रडतात तिने ओरडणार का नाहीत, असा माझा हिशेब होता. हिशेबात मी शाळेपासून कच्ची आहे.

मंडळाचा अध्यक्ष चंद्रभान. गल्लीच्या तोंडाशी मंडप टाकून त्याने बांबूचा सांगाडा बांधला, वर पोतं आणि कागद चढवला. एका भंगारवाल्याकडून बिनमोटरचा कूलर मिळाला, तो पाठीवर बसवला. चेहरा प्रशिकचा. भुवया वर गेलेल्या, ओठ खाली आलेले आणि गालावर पारदर्शक प्लास्टिकचा भला मोठा अश्रू. काम अप्रतिम झालं होतं.

चंद्रभानने चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "ताई, हा रडून काहून राहिला?"

"त्याला लहानपणी शीतगृहात कोंडलं होतं."

"हो, पण हे लोकायले कोण सांगन?"

"चेहऱ्यावर दिसतंय सगळं," मी म्हणाले. "कलेवर विश्वास ठेवा जरा."

चंद्रभानने प्रशिककडे पाहिलं. प्रशिक ब्रश धुवायला निघून गेला. मी त्या गोष्टीचा विचारच केला नाही.

मारबतीच्या दिवशी इतवारीत पाय ठेवायला जागा नव्हती. ढोल, ताशे, डीजे, घामाने निथळणारी माणसं. एका ओळखीच्या दुकानाच्या ओट्यावर खुर्च्या टाकून वामनराव आणि काकूंना बसवलं होतं. वामनरावांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि ते लहान पोरासारखे मान उंच करून वाट पाहत होते. आमच्या पुढे दरवाढीचा बडग्या होता, त्याच्यावर लोक तुटून पडले होते. त्याच्या पुढचा खड्ड्यांचा. त्याला तर चपला बसत होत्या.

मग ओट्यासमोर आमची हातगाडी आली, आणि गोंगाट थांबला.

थांबला म्हणजे खरंच थांबला. लोक गारठोबाच्या चेहऱ्याकडे बघायला लागले. पुढच्या रांगेतली एक बाई हळहळली, "कोण गा हा? बिचारा." त्या आठवड्यात गावात लाईट सारखी जात होती, आणि उकाडा असा की माणसं अंगणात बसून रात्र काढत होती. गर्दीतल्या एका हुशार माणसाच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. त्याने भोंगा तोंडाला लावला.

"समजलं काय भाऊ? लाईट गेली, कूलर बंद पडला, मानूस रडून राहिला!"

झालं. सगळ्यांना अर्थ लागला, आणि इतका समाधानकारक अर्थ लागल्यावर नागपूरकर माघार घेत नाही. "न्याय द्या, न्याय द्या! कूलरवाल्याले न्याय द्या!" घोषणा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. एका आजींनी स्वतःच्या हातातला झेंडूचा हार गारठोबाच्या गळ्यात घातला आणि हात जोडले. तेवढ्यावर भागलं असतं, पण कुणीतरी गाडीच्या कडेला उदबत्ती खोचली. एका तरुणाने माझ्याजवळ येऊन टोपी काढत विचारलं, "कधी वारले?"

"अहो, हा खलनायक आहे!" मी ओरडले. "दुष्ट आहे हा! शिव्या द्या याला!"

"मेलेल्या माणसाले शिव्या कशा देऊ, मॅडम?" तो दुखावून म्हणाला.

"माह्या जन्मात बडग्याच्या पाया पडताना कोणाले पाह्यलं नाही," चंद्रभान माझ्या कानाशी पुटपुटला. "आता जाळू कसा याले? लोकं मलेच जाळतीन."

मी ओट्याकडे पाहिलं. वामनरावांची उंच केलेली मान खाली आली होती. मी गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेले. काय सांगणार होते कुणास ठाऊक. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छान आहे पोरी. छान झालं." त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं. मला तिथेच बसून भोकाड पसरावंसं वाटलं.

काकूंनी पदर खोचला, चपला ओट्यावर काढल्या आणि गर्दीत घुसल्या. माणसं आपोआप बाजूला होत गेली. गाडीपाशी पोचून त्यांनी चंद्रभानला हुकूम सोडला, "हात दे." पुढच्या क्षणी सत्तरी ओलांडलेली ती बाई गारठोबाच्या शेजारी गाडीवर उभी होती. तिने हार ओढून काढला, उदबत्ती विझवली आणि चंद्रभानच्या हातातला माइक घेतला.

"कोणासाठी न्याय मागून राहिले रे?" आवाज असा की पुढच्या गाडीवरचा डीजेसुद्धा बंद झाला. "माह्यासाठी? मी गारठोबा आहे! आज तुमच्या घरात शिरतो. पहाटेच्या साखरझोपेत पांघरूण ओढतो. आंघोळीचं पाणी गार करतो. आणि तुमच्या तर्री-पोह्यावर," इथे त्या थांबल्या, एक हात कमरेवर ठेवला, दुसऱ्या हाताचं बोट आभाळात रोखलं, "बर्फ टाकतो! थरथर कापा, नागपूरकरांनो! ह्यू ह्यू ह्यू!"

तो हात, ते बोट, ती वर चढलेली भुवई. मी हे सगळं 'टणाटण'च्या पानापानावर पाहिलं होतं. मिशा तेवढ्या वामनरावांनी पदरच्या घातल्या होत्या. बाकी गारठोबा नखशिखान्त प्रेमिलाकाकू होता. मी हातातल्या पाण्याच्या बाटलीसकट तशीच उभी राहिले.

गर्दी क्षणभर गोंधळली. तेवढ्यात माझ्या मागून एक फाटका, चिरका, कित्येक वर्षं न वापरलेला आवाज आला.

"पांघरूण ओढणाऱ्या गारठोबाले घेऊन जा गे मारबत!"

वामनराव खुर्चीवर उभे राहिले होते. खुर्चीवर! दुकानदाराने घाबरून त्यांचे पाय धरले. त्यांचं लक्षच नव्हतं. ते थेट गाडीवरच्या बायकोकडे पाहत होते आणि मानेच्या शिरा ताणून ओरडत होते.

"पाय पुसा, पाय पुसा म्हणणाऱ्या गारठोबाले..."

"घेऊन जा गे मारबत!" पहिल्या रांगेतल्या पोट्ट्यांनी साथ दिली.

"पेपर वाचताना पेपर काढून घेणाऱ्या गारठोबाले..."

"घेऊन जा गे मारबत!" आता पुरुषांचा आवाज चढला. अर्ध्या इतवारीला आपापलं घर आठवलं असावं.

"दाढी करा जी, दाढी करा जी म्हणणाऱ्या गारठोबाले..."

"घेऊन जाऽ गेऽ मारबत!"

काकू प्रत्येक घोषणेला गाडीवरून ठेंगा दाखवत होत्या. "नाही जाणार! ह्यू ह्यू ह्यू!" त्यांचा चेहरा उन्हाने आणि आनंदाने लाल झाला होता. बायका थोड्याच मागे राहणार? ओट्याखालून एकीने सूर लावला, "ओला टॉवेल पलंगावर टाकणाऱ्याले घेऊन जा गे मारबत!" त्यावर जो हलकल्लोळ उठला त्यात ढोलवाल्यांनी हात धुऊन घेतले. लहान पोरं गाडीभोवती नाचत गारठोबाला वाकुल्या दाखवत होती. न्याय मागणारा तो भोंगेवाला आता सर्वांत मोठ्याने शिव्या देत होता.

या गडबडीत प्रशिक गाडीवर चढला. माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान हलवली. त्याने प्लास्टिकचा अश्रू खसकन उपटला, लाल रंगाच्या दोन फटकाऱ्यांत ओठांची टोकं कानापर्यंत नेली आणि चंद्रभानची पाण्याची बादली गारठोबाच्या डोक्यावर उलटी घातली. लोकांनी जी आरोळी ठोकली ती पार सीताबर्डीपर्यंत गेली असावी. माझी शीतगृहाची कथा चांगलीच होती, हे माझं मत आजही कायम आहे. ती मी दुसऱ्या कुणाला तरी देईन. गारठोबाला तिची गरज नव्हती.

दुपार कलल्यावर मैदानात सगळे बडगे जाळले. आमचा गारठोबा दात काढून हसत जळला. बादली तेवढी चंद्रभानने आधी काढून घेतली, मंडळाची होती म्हणे. काकू एका दगडावर बसून लिंबूपाणी पीत होत्या. घसा पार बसला होता. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"काकू, तुम्हाला राग नाही आला कधी? दर महिन्याला तुम्हाला व्हिलन करायचे. दर वर्षी जाळायचे."

"राग?" त्या घोगऱ्या आवाजात हसल्या. "लग्न झालं तेव्हा हे असेच होते वं. भिडस्त. मी बोलणार, हे ऐकणार. मले वाटे, या माणसाले मी आवडत नाही. बोलतच नाही काही. मग एक दिवस तो अंक आला घरी. पाहतो तं काय, मीच! माह्यं बोट, माह्या भुवया. इतकं बारीक पाह्यलं होतं मले ह्यायनं. मी पोट धरून हासली. हेबी हासले." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका नवऱ्याले म्हणत, आमच्यावर कधी एक ओळ लिहिली काय तुम्ही? माह्यावर अख्खं मासिक होतं."

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मला दटावलं, "धूर गेला डोळ्यात."

धूर उलट्या दिशेला चालला होता.

थोड्या अंतरावर वामनराव प्रशिकला समोर उभा करून बोलत होते. सही त्यांनी कधीच प्रशिकच्या पाठीवर कागद ठेवून ठोकली होती आणि आता थांबायला तयार नव्हते. गारठोबाने झळला पहिल्यांदा कुठे गाठावं, कूलरमध्ये बसून तो उडू शकेल की नाही, मौद्याच्या वीजकेंद्राची धुराडी एका फुंकरीत गोठवली तर चित्र कसं दिसेल, सगळं हातवारे करून चाललं होतं. आवाज फुटत होता, मध्येच खोकला येत होता, सदऱ्यावर लिंबूपाणी सांडलं होतं आणि चष्मा पहिलाच, चुकीचा, नाकावर होता.

काकू ते सगळं पाहत होत्या. सांडलेलं पाणीही आणि चष्माही. मी वाट पाहत होते, आता बोट वर होईल. त्या हनुवटीला हात लावून ऐकत बसल्या आणि त्यांनी एकदाही टोकलं नाही.